एकच खोली, दोन उत्तरं

रमजानमध्ये सहेरी आटोपली, फजरची नमाज झाली की आमच्या घरात अर्धा तास गप्पांचा असतो. झोप मोडलेली असते आणि आता मगरिबपर्यंत चहा नाही, हे मनाला पटवायचं असतं. या शनिवारी गप्पांना पुण्याहून आलेली भाची होती. तिला विचारलं, तिकडे रोजा कुठे सोडतेस? ती म्हणाली, "बसमध्ये, मामू. डब्यात खजूर असतात, बाटलीत पाणी. शेजारच्या सीटवरच्या ताईंना पण एक खजूर देते. रोजची ओळख झालीय आता."

ऐकायला छान वाटतं. पण ती बसमध्ये रोजा का सोडते, हे मला ठाऊक आहे. तिचं ऑफिस हिंजवडीला आणि खोली कोंढव्यात. दोन बस, दीड तास. पाऊस असला तर किती ते सांगता येत नाही. ऑफिसपासून वीस मिनिटांवरची खोली तिला मिळता मिळता राहिली होती. ती कशी राहिली, हे आम्हाला कळलं ते योगायोगानं.

गेल्या जूनमध्ये तिला नोकरी लागली. इथल्याच कॉलेजात तिच्याबरोबर शिकलेली, कळंब तालुक्यातली एक मैत्रीण त्याच कंपनीत, त्याच पगारावर लागली. दोघी तेवीस वर्षांच्या, दोघी अविवाहित, दोघींचे वडील शेती सांभाळून छोटं दुकान चालवणारे. मैत्रीण सुरुवातीला मावशीकडे राहणार होती, म्हणून भाचीपुरतीच खोली शोधायची होती. एका इमारतीत वन आरके रिकामं असल्याचं समजलं. भाचीनं एजंटला फोन लावला. "इनामदार बोलतेय, धाराशिवहून."

इथं आडनावाविषयी थोडं सांगायला हवं. मराठवाड्यात इनामदार, देशमुख, पाटील ही आडनावं हिंदूंचीही असतात आणि मुसलमानांचीही. वतनं-इनामं दोघांकडे होती. ती गेली, आडनावं मागं राहिली. फोनवर नुसतं 'इनामदार' ऐकून एजंटनं मनात एक चित्र रंगवलं असणार. तो भरभरून बोलला. "या ना मॅडम, उद्याच या. दोन खोल्या रिकाम्या आहेत, आवडेल ती घ्या."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो आणि दुपारी तिथं पोहोचलो. भाचीच्या डोक्याला स्कार्फ, मला दाढी. एजंट खालीच उभा होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाइलकडे. "पूर्ण नाव काय म्हणालात?" भाचीनं सांगितलं. तो जरा बाजूला जाऊन फोनवर बोलला आणि परत येऊन म्हणाला, "सॉरी काका. मालकांचा भाचा येणार आहे म्हणे. मलाही आत्ताच कळलं. दोन्ही खोल्या त्यांनाच लागणार." त्यानं आम्हाला ऑफिसात बसवलं, पंखा लावला, पाणी दिलं. एवढ्या लांबून आलात, म्हणून हळहळलाही. मला ते खरं वाटलं. मालकाला भाचा असू शकतो. मलाही भाची आहेच.

मैत्रिणीला मात्र ते पटलं नाही. तिनं दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवर फोन केला, आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि संध्याकाळी दोन्ही खोल्या पाहून आली. भाडं तेच, डिपॉझिट तेच, वर "मालकांशी बोलून थोडं कमी करून देतो" हेही. भाच्याचा विषयच निघाला नाही. रात्री तिचा मला फोन आला. "मामा, खोल्या रिकाम्याच आहेत हो," एवढंच म्हणाली. पुढे तिला बोलता येईना.

त्यानंतर महिनाभर भाची आणखी पाच-सहा ठिकाणी फिरली. कुठं 'फॅमिलीच हवी' होती, कुठं 'व्हेजच हवं' होतं, एका ठिकाणी भाडं दोन हजारांनी वाढलं. यातलं कोणतं कारण खरं आणि कोणतं नाही, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही. कारण तिथं मागून मैत्रीण गेली नव्हती.

मैत्रिणीनं रागाच्या भरात जे केलं, ते अमेरिकेत रीतसर काम आहे. त्याचे पैसे मिळतात. घर नाकारण्यातला भेदभाव शोधणाऱ्या संस्था तिथं अनेक शहरांत आहेत आणि त्या पार्टटाइम माणसं नेमतात. त्यांना 'टेस्टर' म्हणतात. आपल्या भाषेत म्हणायचं तर तोतया भाडेकरू. फक्त हा तोतया गादीवर हक्क सांगत नाही, दोन खोल्यांच्या घराची चौकशी करतो. कॉलेजचे विद्यार्थी, निवृत्त माणसं, दुसरी नोकरी सांभाळून महिन्यातून एक-दोन संध्याकाळी मोकळी असणारी माणसं हे काम करतात. पोट भरावं इतकं ते मिळत नाही. एका फेरीचं ठरावीक मानधन आणि प्रवासखर्च.

कामाची पद्धत ऐकण्यासारखी आहे. दोन टेस्टर निवडतात. वय जवळपास सारखं, पगार सारखा, नोकरी सारख्या दर्जाची, कुटुंब सारखं. ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायची, तेवढीच वेगळी: एकाचा वर्ण, किंवा धर्म, किंवा लहान मूल असणं. थोड्या अंतरानं दोघं त्याच दारात जातात. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. वाद घालायचा नाही, मालकाच्या तोंडून काही वदवून घ्यायचं नाही. बाहेर पडल्याबरोबर सगळं लिहून काढायचं: किती वाजता गेलो, कोण भेटलं, किती घरं आहेत म्हणाले, किती दाखवली, भाडं किती, डिपॉझिट किती, कधीपासून मिळेल, नंतर फोन आला का. 'मला वाटलं' असं काही लिहायचं नाही. मग संस्थेतला तिसरा माणूस दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचतो.

यातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. नाकारल्या गेलेल्या टेस्टरला पुष्कळदा आपल्याला नाकारलंय हे कळतच नाही. त्याचं हसून स्वागत झालेलं असतं, हात मिळवलेला असतो, "काही रिकामं झालं की नक्की कळवतो" असं आश्वासन मिळालेलं असतं. तो समाधानानं अहवाल लिहून घरी जातो. दुसरा कागद शेजारी आला की मगच दिसतं की त्या दिवशी तिथं तीन घरं रिकामी होती. पंख्याखाली बसून पाणी पिणारा मी, तो पहिला कागद होतो.

हे सगळं ऐकून आमच्या अम्मीनं विचारलं, "मगर ये तो झूट हुआ ना? घर नक्को, और घर होना बोलके जाना?" प्रश्न साधा नव्हता. रोज्यात फक्त अन्नपाणी सोडायचं नसतं. जो खोटं बोलणं सोडत नाही त्याच्या नुसत्या उपाशी राहण्याला काही अर्थ नाही, अशा आशयाची हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग खोटा भाडेकरू होऊन खरं शोधायला जायचं, हे कसं बसवायचं?

हाच प्रश्न, कायद्याच्या भाषेत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. तिथं १९६८ मध्ये घरांबाबतच्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा झाला. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिलला हत्या झाली आणि ११ एप्रिलला त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्या कायद्यात एक वाक्य असं आहे की, घर उपलब्ध असताना वर्ण, धर्म वगैरे कारणांवरून ते उपलब्ध नाही असं कोणाही व्यक्तीला सांगणं बेकायदा आहे. १९७८ मध्ये व्हर्जिनिया राज्यात रिचमंड शहराजवळच्या एका वसाहतीत एक कृष्णवर्णीय टेस्टर चार वेगवेगळ्या दिवशी गेली. चारही वेळा तिला जागा नाही असं सांगितलं गेलं. त्याच दिवशी गेलेल्या गोऱ्या टेस्टरला जागा आहे असं सांगितलं गेलं. खटला उभा राहिला. कंपनीचं म्हणणं अम्मीसारखंच होतं: हिला घर नकोच होतं, मग हिचं नुकसान काय झालं?

१९८२ मध्ये न्यायालयानं निकाल दिला. कायद्यानं 'कोणाही व्यक्तीला' खरी माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. जिला खोटं सांगितलं गेलं तिचा तो हक्क मोडला, मग ती घर घेणार होती की नव्हती हा मुद्दाच नाही. गोऱ्या टेस्टरला मात्र टेस्टर म्हणून दावा लावता येणार नाही, कारण त्याला खरंच सांगितलं गेलं होतं. मला हा निकाल फार नेमका वाटतो. विचारणाऱ्याच्या मनात काहीही असो, "खोली आहे का?" या प्रश्नाला एकच खरं उत्तर असतं.

मी अम्मीला हे सांगितलं. ती म्हणाली, "तो भी रमजान के बाद करो." मी तो विषय तिथंच सोडला.

कायदा होऊन पन्नास वर्षं झाल्यावर तरी तिथलं चित्र बदललं का? न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधल्या 'न्यूजडे' या दैनिकानं तीन वर्षं खपून हे तपासलं आणि २०१९ मध्ये छापलं. २५ टेस्टर, छुपे कॅमेरे, ९३ एजंट. कृष्णवर्णीय टेस्टरना ४९ टक्के चाचण्यांत गोऱ्यांपेक्षा वेगळी वागणूक मिळाली. लॅटिन वंशाच्या टेस्टरबाबत हे प्रमाण ३९ टक्के, आशियाई टेस्टरबाबत १९ टक्के. म्हणजे कायद्यानं माणसं बदलली असं नाही. पण तो कागद घेऊन जायला तिथं एक दार आहे.

आपल्याकडे अशी परीक्षा कोणी घेतलीच नाही, असं नाही. अमरावती जिल्ह्यातून आलेले, विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, फरिदाबाद, गाझियाबाद, गुरगाव आणि नोएडा इथं २०१२ मध्ये हे केलं. सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम अशी ओळख सांगणारे इच्छुक भाडेकरू त्याच घरांसाठी फोन करत होते, काही ठिकाणी प्रत्यक्ष जात होते. २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष आले. सवर्णांपैकी जवळपास कोणालाच नकार मिळाला नव्हता. दलितांपैकी १८ टक्के आणि मुस्लिमांपैकी ३१ टक्के लोकांना सरळ नकार मिळाला होता. शिवाय ज्यांना होकार मिळाला त्यातल्या अनेकांना अटी होत्या: भाडं जास्त, मांस शिजवायचं नाही, पाहुणे नकोत.

त्यानंतर वर्षभरानं सौगतो दत्ता आणि विक्रम पठानिया यांनी दिल्लीतल्याच घरमालकांना एका वेबसाइटवरून वेगवेगळ्या नावांनी विचारणा पाठवल्या. उच्चवर्णीय हिंदू नावाला शंभरातल्या सुमारे ३५ मालकांनी उत्तर दिलं, मुस्लिम नावाला सुमारे २२ जणांनी. दलित नावांबाबत त्या अभ्यासात एवढा ठळक फरक आढळला नाही. ऑनलाइन विचारणा आणि दारात उभं राहणं यात फरक असणारच. नाव चालून गेलं तरी चेहरा, गाव, आडनावाचा खुलासा आणि 'तुमच्यातलं कोण राहतं इथं?' हा प्रश्न पुढं उभा असतोच. आमच्या इनामदार आडनावानं फोनवरचा पेपर सोडवला, तोंडी परीक्षेत आम्ही नापास.

नाव लपवून छप्पर मिळवण्याची या देशातली सगळ्यात लख्ख नोंद मात्र कोणा संशोधकाची नाही. ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. १९१७ मध्ये परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीसाठी गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून पारशांच्या उतारशाळेत पारशी नाव नोंदवून राहिले. दिवसाला दीड रुपया भाडं. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. एका हिंदू मित्राकडे विचारलं. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. एका ख्रिस्ती मित्राकडे विचारलं. तो म्हणाला, बायको उद्या परत येतेय, तिला विचारून सांगतो. मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी बागेत बसून काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. हेच बाबासाहेब १९४१ च्या फेब्रुवारीत आपल्या कसबे तडवळ्याला परिषदेसाठी आले होते. तिथं आजही तो दिवस साजरा होतो.

त्या प्रसंगात मला काठ्यांपेक्षा दोन मित्रांची उत्तरं जास्त ओळखीची वाटतात. "मला काही नाही हो, पण नोकर..." "माझी हरकत नाही, पण घरची मंडळी..." आज नोकरांच्या जागी सोसायटी आली आहे. एजंट म्हणतो मालक ऐकत नाही, मालक म्हणतो सोसायटी ऐकत नाही, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात तसा काही नियमच नाही. नकार आहे, पण तो देणारा कुठंच नाही.

आणि कायदा? राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांचा उल्लेख आहे; खासगी मालकाच्या भाड्याच्या खोलीचा नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्या-राहण्यापासून अडवणं गुन्हा ठरवलं, पण तो सिद्ध करायचा तर पुन्हा दुसरा कागद हवाच. धर्मावरून खोली नाकारली तर असं कलमही हाती नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. २००६ मध्ये सच्चर समितीनं मुस्लिमांना घर मिळताना येणाऱ्या अडचणींची नोंद घेऊन समान संधी आयोग सुचवला. माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटानं २००८ मध्ये त्याचा आराखडाही दिला. आयोग काही झाला नाही. २०१७ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत भेदभावविरोधी खासगी विधेयक मांडलं. तेही कायदा झालं नाही. म्हणून आपल्याकडे टेस्टरचा अहवाल संशोधनपत्रिकेत छापून येतो आणि तिथंच थांबतो. मैत्रिणीनं त्या दिवशी जे शोधलं, ते तिनं कुणाकडे न्यायचं होतं? ती माझ्याकडे घेऊन आली.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण सहेरीनंतरच्या त्या गप्पांत भाचीनं सहज विचारलं, "मामू, अपनी ऊपर की खोली खाली है ना अब्बी?"

धाराशिवमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून बाहेरगावची मुलं, नर्सिंगचे कर्मचारी, नोकरदार खोल्या विचारत फिरतात. आमच्याही गेटवर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी असते. दोन वर्षांपूर्वी एक तरुण आला होता. बोलणं नीटस, नोकरी सरकारी. मी नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला, हेही विचारलं. कशासाठी विचारत होतो, ते मलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. आमच्या गल्लीत कोणाच्या घरात कोण राहतं, यावर लोक बोलतात. हिंदूंच्या गल्ल्यांत बोलतात तसंच. आमच्यातही बिरादरी विचारणारे आहेत, मसलक विचारणारे आहेत, आणि दलित भाडेकरू म्हटलं की अचानक ज्यांना नातेवाईक आठवतात असेही आहेत. मी त्या तरुणाला सांगितलं, "माझी भाची येणार आहे राहायला." त्यानं "बरं काका" म्हटलं, पाणी प्यायला आणि गेला. मी त्याला पाणीही दिलं होतं.

खोली पुढं तीन महिने रिकामी होती. भाची तेव्हा कॉलेजात होती, हॉस्टेलवर. तिला हे कधी सांगितलं नव्हतं. त्या पहाटे सांगितलं. ती काही बोलली नाही. उठून गादी घालायला गेली.

परवा दुपारी पाटीवरचा नंबर बघून एकाचा फोन आला. मी नाव विचारायच्या आधी भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं, अकरा महिन्यांचा करार करावा लागेल आणि पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करावी लागेल हे सांगितलं. आमच्याकडे पाटी वाचून येणाऱ्या प्रत्येकाला आता याच क्रमानं सांगायचं, असं घरात ठरलं आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि जरा चाचरत विचारलं, "काका, नॉनव्हेज चालतं ना?" अम्मी शेजारीच होती. हसू आवरायला तिनं ओढणी तोंडावर धरली.

संध्याकाळी असरनंतर तो येऊन खोली बघून गेला. खिडकी आवडली त्याला. पण नळाला पाणी किती दिवसांआड येतं हे ऐकल्यावर म्हणाला, विचार करून कळवतो. अजून फोन आलेला नाही.